घेतलं त्यानं परत करायचं : जावाच्या विंडो आणि सिस्टीमचे रिसोर्स

मागच्या व्याख्यानांमध्ये आपण जावात विंडो कशी उघडायची, तिच्यावर बटणं, चौकटी, तक्ते कसे मांडायचे, बटण दाबल्यावर काय घडतं हे सगळं पाहिलं. आज ती विंडो बंद कशी करायची हे पाहायचं आहे. ऐकायला सोपं वाटतं. उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं, विंडो गेली, संपलं. पण विंडो डोळ्यांसमोरून गेली म्हणजे तिनं घेतलेलं सगळं परत दिलं असं होत नाही. आजचं व्याख्यान एवढ्याच एका गोष्टीवर आहे.

जावा शिकवताना पहिल्याच आठवड्यात आपण सगळे एक वाक्य ऐकतो : "जावात मेमरीची काळजी करायची नसते, ते गार्बेज कलेक्टर बघतो." हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही आणि नेमकं तेच पुढे नडतं.

दोन वेगळी खाती

जावाचा प्रोग्राम चालतो तेव्हा तो दोन ठिकाणांहून उधारी घेत असतो. पहिलं ठिकाण म्हणजे हीप, जावाच्या स्वतःच्या ताब्यातली मेमरी. 'न्यू' लिहून आपण जे ऑब्जेक्ट बनवतो ते इथं राहतात. एखाद्या ऑब्जेक्टकडे कुणाचाच हात पोचत नाही असं दिसलं, की गार्बेज कलेक्टर सवडीनं ती जागा मोकळी करतो. हे खातं तो सांभाळतो आणि चोख सांभाळतो.

दुसरं ठिकाण म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. पडद्यावरची विंडो, फॉन्ट, चित्र, माउसचा बाण, उघडलेली फाइल, नेटवर्कचं कनेक्शन, सीरियल पोर्ट, ही सगळी विंडोज किंवा लिनक्सच्या मालकीची साधनं आहेत. आपण मागितलं की सिस्टीम एक हँडल देते. हँडल म्हणजे फक्त एक क्रमांक, टोकनासारखा. आपल्या जावा ऑब्जेक्टमध्ये तो क्रमांक असतो आणि खरी वस्तू पलीकडे असते.

आता अडचण कुठे येते बघा. गार्बेज कलेक्टर हीप भरत आली की कामाला लागतो. पलीकडे किती हँडल अडकलेत हे तो मोजतच नाही. फॉन्टचा जावाकडचा ऑब्जेक्ट काही बाइटांचा. असे हजारो साठले तरी हीपला त्याचं ओझं जाणवत नाही, त्यामुळे कलेक्टर निवांत असतो. तिकडे सिस्टीमकडची टोकनं मात्र संपत आलेली असतात. विंडोजमध्ये चित्रकामाच्या वस्तूंना, म्हणजे जीडीआय ऑब्जेक्टना, एका प्रोग्रामसाठी मर्यादा असते. ती नेहमीच्या मांडणीत १०,००० आहे. विंडो, मेनू, माउसचा बाण यांसारख्या यूझर ऑब्जेक्टनाही तेवढीच.

आपल्या नगर जिल्ह्यात हे समजायला वेगळा दाखला शोधायला नको. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं, तेव्हापासून प्रवरेच्या कालव्यांवर आवर्तनाची शिस्त चालत आली आहे. पाळी आली की पाणी घ्यायचं, रात्री-अपरात्री दारं धरायची, रान भिजलं की दार बंद करायचं. वरच्या शेतकऱ्यानं भिजून झाल्यावरही दार उघडंच ठेवलं, तर त्याच्या रानात काही बिघडलेलं दिसत नाही. कोरडं राहतं ते टेलच्या शेतकऱ्याचं रान. रिसोर्सची गळती अगदी अशीच असते. चूक एका जागी होते आणि प्रोग्राम कोसळतो भलत्याच जागी. शेवटचं हँडल मागायला जो गेला त्याच्या ओळीवर एरर येते, आणि आपण त्या बिचाऱ्या ओळीत चूक शोधत बसतो.

उसाच्या काट्यावरचं गणित

हा विषय आपल्या भागात किती जवळचा आहे ते एका उदाहरणानं पाहू. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग जिल्हाभर कारखाने झाले. प्रत्येक कारखान्याच्या दारात वजनकाटा असतो. गाळप हंगामात तो दिवसरात्र चालतो. काट्याच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर वजनाचा प्रोग्राम असतो. आपण असं धरू, की तो जावात लिहिला आहे आणि त्यासाठी एसडब्ल्यूटी हे टूलकिट वापरलं आहे. हे उदाहरण आम्ही समजावण्यासाठी रचलं आहे, कुठल्या एका कारखान्याचं नाही.

गाडी काट्यावर आली की नवी विंडो उघडते. भरलेलं वजन नोंदतात, पावती निघते, विंडो बंद. गाडी खाली होऊन परत आली की पुन्हा विंडो, रिकामं वजन, पुन्हा बंद. लिहिणाऱ्यानं प्रत्येक विंडोत चार फॉन्ट आणि दोन चित्रं नव्यानं बनवली आहेत, आणि विंडो बंद करताना ती परत केलेली नाहीत. म्हणजे एका वजनामागे सहा हँडल गेले.

१०,००० ला ६ नं भागा. १,६६६ वजनं होतात. तासाला ४० वजनं धरली तर साधारण साडेएकेचाळीस तास. सोमवारी सकाळी सहाला सुरू केलेला प्रोग्राम मंगळवारी रात्री साडेअकराच्या आसपास "नो मोअर हँडल्स" म्हणून बंद पडणार. प्रोग्रामच्या बाकीच्या वस्तूही त्याच मर्यादेत बसतात, तेव्हा थोडा आधीच.

लिहिणाऱ्यानं ऑफिसात तपासलं तेव्हा दहा वजनं केली, वीस केली. सगळं ठीक. अपघात होतो तो मध्यरात्री, बाहेर ट्रॅक्टरची आणि बैलगाड्यांची रांग असताना. आणि तोडलेला ऊस थांबून राहिला की वाळतो, वजनात घटतो, साखरेचा उताराही उतरतो. म्हणजे न लिहिलेल्या एका ओळीची किंमत शेवटी कोण मोजतो? रांगेतला शेतकरी. म्हणून या विषयाला नुसती कोडची स्वच्छता समजू नका.

एसडब्ल्यूटीचे दोन नियम

एसडब्ल्यूटी आयबीएमनं बनवलं आणि २००१ मध्ये एक्लिप्सबरोबर ते सगळ्यांना खुलं झालं. त्याचा बाणा असा, की शक्य तिथं ऑपरेटिंग सिस्टीमचीच बटणं, सिस्टीमचेच फॉन्ट वापरायचे. म्हणून इथं हँडलचा हिशोब थेट आपल्या अंगावर येतो. त्यासाठी त्यांनी दोन नियम घालून दिलेत.

पहिला नियम : जे तुम्ही बनवलं ते तुम्हीच डिस्पोझ करायचं. 'न्यू फॉन्ट', 'न्यू इमेज', 'न्यू कर्सर' लिहिलं, की त्याच्या डिस्पोझची जबाबदारी तुमची. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जे तुम्ही बनवलं नाही ते डिस्पोझ करायचं नाही. 'गेट सिस्टीम फॉन्ट' म्हणून मागून घेतलेला फॉन्ट सिस्टीमचा आहे, त्याला हात लावू नका. शेजाऱ्याकडून आणलेली शिडी आपण भंगारात विकत नाही, तसंच.

दुसरा नियम : पालक गेला की त्याची मुलं जातात. विंडो डिस्पोझ केली की तिच्यावरची बटणं, लेबलं, तक्ते आपोआप डिस्पोझ होतात. एकेका बटणामागे धावायची गरज नाही.

इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो. लेबलवर लावलेलं चित्र हे लेबलचं मूल नाही. लेबल ते फक्त वापरतंय. एकच चित्र पाच लेबलांवर असू शकतं, मग एक लेबल गेल्यावर त्यानं चित्र कसं मोडायचं? म्हणून विंडो गेली, लेबल गेलं, तरी चित्र आणि फॉन्ट तसेच राहतात. काट्याच्या उदाहरणात नेमकं हेच झालं.

उपाय दोन आहेत. एखादा रिसोर्स एकाच विंडोपुरता असेल, तर तो बनवल्याबरोबर, पुढच्याच ओळीत, विंडोला डिस्पोझ लिसनर जोडा : तू जाशील तेव्हा याला घेऊन जा. आणि तोच फॉन्ट सगळ्या विंडोंना लागत असेल, तर प्रोग्राम सुरू होताना एकदाच बनवा, एका जागी ठेवा, शेवटी एकदाच सोडा. मग १,६६६ वजनांनाही फॉन्ट चारच लागतात. जेफेसमध्ये यासाठी इमेज रजिस्ट्री आणि लोकल रिसोर्स मॅनेजर अशा तयार सोयी आहेत.

रंगांबद्दल एक खुलासा. जुन्या पुस्तकांत रंगही डिस्पोझ करा असं लिहिलेलं सापडेल. २०२० पासूनच्या एसडब्ल्यूटीत रंगाला त्याची गरज उरलेली नाही. फॉन्ट, चित्र, कर्सर यांना मात्र आहे.

आणि एक जागा अशी, जिथं गळती सर्वांत वेगानं होते : पेंट लिसनर. काट्यावरचा वजनाचा आकडा सारखा बदलतो. तो सेकंदाला पाच वेळा पुन्हा रंगवला जातो असं धरा, आणि दर वेळी एक नवा फॉन्ट बनतो. १०,००० हँडल २,००० सेकंदांत संपतील. म्हणजे जेमतेम अर्धा तास. रंगवण्याच्या कोडमध्ये नवं काही बनवायचंच नाही, ही सवय लावून घ्या.

स्विंगमध्ये वेगळं काय?

स्विंग १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर मुख्य जावात आलं. ते बटणं स्वतःच रंगवतं, फॉन्टचा हिशोबही आतल्या आत सांभाळतं. त्यामुळे स्विंगवाल्यांना वाटतं, आपल्याला हा त्रास नाही. त्रास आहे, फक्त जागा वेगळ्या आहेत.

पहिली जागा म्हणजे जेफ्रेमची फुली. आपण काही सांगितलं नाही, तर फुलीवर क्लिक केल्यावर जेफ्रेम फक्त लपते. सिस्टीमकडची खरी विंडो तशीच जिवंत राहते. दर गाडीला नवी जेफ्रेम उघडत असाल, तर लपलेल्या विंडोंची थप्पी साचत जाते. दुय्यम विंडोला 'डिस्पोझ ऑन क्लोज' सांगायचं. 'एक्झिट ऑन क्लोज' दुय्यम विंडोवर लावू नका, नाहीतर पावतीची विंडो बंद करताना अख्खा प्रोग्रामच बंद होईल.

दुसरी जागा ग्राफिक्स ऑब्जेक्ट. 'पेंट कंपोनंट' मध्ये जो ग्राफिक्स आपल्या हातात येतो तो स्विंगनं दिलेला असतो, तो परत घ्यायचं काम स्विंगचं. पण 'क्रिएट ग्राफिक्स' किंवा 'गेट ग्राफिक्स' म्हणून आपण स्वतः मागून घेतला, तर काम झाल्यावर फायनलीमध्ये डिस्पोझ करायचा. पुन्हा तोच नियम.

तिसरी जागा मोठी चित्रं. १,९२० गुणिले १,०८० चं एक चित्र प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरून सुमारे ८३ लाख बाइट घेतं. फाइल डिस्कवर छोटी दिसली तरी मेमरीत ती उलगडते. अशी चित्रं गरजेपेक्षा जास्त वेळ कुठल्या यादीत धरून ठेवू नका.

चौथी जागा सर्वांत फसवी : टायमर आणि लिसनर. विंडोत घड्याळ दाखवायला स्विंगचा टायमर लावला, विंडो डिस्पोझ केली, पण टायमर थांबवला नाही. टायमर चालूच. त्यानं लिसनर धरून ठेवलाय, लिसनरनं विंडो धरून ठेवलीय. विंडोकडे अजून हात पोचतोय असं गार्बेज कलेक्टरला दिसतं, म्हणून तो तिला सोडत नाही. मुख्य यादीला जोडलेल्या लिसनरचंही तेच. जिथं 'ॲड लिसनर' लिहिता, तिथंच 'रिमूव्ह लिसनर' कधी होणार ते ठरवा.

फाइल आणि सीरियल पोर्ट

२०११ मध्ये जावा ७ नं एक मोठी सोय दिली, तिला ट्राय-विथ-रिसोर्सेस म्हणतात. ट्राय शब्दाच्या कंसातच फाइल किंवा कनेक्शन उघडायचं. ब्लॉक संपला, मध्येच एक्सेप्शन आलं, रिटर्न झालं, काहीही झालं तरी क्लोज होतंच. अनेक गोष्टी उघडल्या असतील तर उघडल्याच्या उलट क्रमानं बंद होतात. एक बारकावा लक्षात ठेवा. इमेजआयओच्या रीडला आपण स्ट्रीम दिली, तर ती रीड बंद करत नाही. उघडली आपण, म्हणून बंदही आपणच.

काट्याचा आकडा बहुधा सीरियल पोर्टवरून येतो. विंडोजमध्ये हा पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. पहिल्या विंडोनं तो उघडला आणि सोडला नाही, तर दुसरीला मिळणार नाही. इथं १०,००० ची वाट पाहावी लागत नाही, एकाच चुकीत काम अडतं.

पोर्ट वाचायला वेगळा थ्रेड लागतो, आणि म्हणून बंद करण्याला क्रम लागतो. आधी वाचणाऱ्या थ्रेडला थांबायला सांगा, मग पोर्ट बंद करा, मग विंडो. आधी विंडो घालवली, तर तो थ्रेड नसलेल्या लेबलवर आकडा लिहायला जातो आणि एसडब्ल्यूटी "विजेट इज डिस्पोझ्ड" म्हणून ओरडतं. 'असिंक एक्झेक' च्या आत, लिहिण्याच्या अगदी आधी, 'इज डिस्पोझ्ड' विचारून घ्या.

मोजल्याशिवाय ताळेबंद नाही

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचं काम आपल्याला माहीत आहे. तिथं पडलेला पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्यावरून कुठली पिकं घ्यायची ते ठरवतात. अंदाजानं नाही, आकड्यानं. प्रोग्रामचंही तसंच करा.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सच्या पानावर जा. तक्त्याच्या मथळ्यावर राइट क्लिक करून जीडीआय ऑब्जेक्ट्स, यूझर ऑब्जेक्ट्स आणि हँडल्स हे रकाने निवडा. आपला प्रोग्राम सुरू करून आकडे लिहून ठेवा. मग एकच विंडो पन्नास वेळा उघडा आणि बंद करा. पहिल्या एक-दोन वेळा आकडा थोडा वाढेल, ते चालतं. पण पन्नास वेळांत ३०० नं वाढला, तर ३०० भागिले ५०, दर वेळी सहा वस्तू गळताहेत. आता त्या विंडोत सहा काय काय बनतं ते शोधा. शोध कितीतरी सोपा झाला.

एसडब्ल्यूटीसाठी स्लीक नावाचं छोटं साधन आहे. दोन क्षणांमधला फरक घेऊन कुठले फॉन्ट, कुठली चित्रं उरली आणि ती कोडच्या कुठल्या ओळीत जन्मली ते ते दाखवतं. लिसनरमुळे अडकलेल्या विंडो शोधायच्या असतील, तर व्हिज्युअलव्हीएममध्ये हीप डंप घ्या आणि त्या विंडोला कुणी धरून ठेवलंय ते बघा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रोग्राम बंद केला की विंडोज सगळं परत घेतंच ना? मग रोज रात्री एकदा बंद करून चालू केला तर?*

घेतं, खरं आहे. प्रोसेस संपली की तिचे सगळे हँडल सिस्टीम काढून घेते. काट्यावर तातडीचा उपाय म्हणून हे करतातही. पण त्यानं भोक बुजत नाही, फक्त बादली रिकामी होते. शिवाय जावाच्या बफरमधला, फाइलमध्ये अजून न पोचलेला मजकूर सिस्टीम परत देत नाही, तो जातो. शेवटची पावती त्यातलीच असली तर?

*'सिस्टीम डॉट जीसी' मधूनमधून बोलावलं तर चालेल का?*

एसडब्ल्यूटीत उपयोग नाही. तिथल्या फॉन्टचा जावा ऑब्जेक्ट कलेक्टरनं उचलला तरी पलीकडचं हँडल सुटत नाही. उलट क्रमांकाची चिठ्ठीच फाटली, आता परत द्यायचं म्हटलं तरी कुणाला देणार? पूर्वी लोक 'फायनलाइज' वर विसंबायचे. ते कधी चालेल याची खात्री नव्हती. २०१७ मध्ये जावा ९ नं ते वापरू नका म्हणून सांगितलं, आणि २०२२ मध्ये जावा १८ नं ते पुढे काढूनच टाकणार असं जाहीर केलं. त्याच्या जागी क्लीनर आहे, पण तोही विसरलेल्यांसाठीची शेवटची जाळी. नेहमीचा रस्ता म्हणजे आपण स्वतः क्लोज किंवा डिस्पोझ करणं.

*१०,००० ची मर्यादा वाढवता येत नाही का?*

रजिस्ट्रीत बदल करून ६५,५३६ पर्यंत नेता येते. गणित करा : ६ नं भागलं तर १०,९२२ वजनं, तासाला ४० नं साधारण अकरा दिवस. मंगळवारची रात्र पुढच्या आठवड्यावर गेली, एवढंच. आणि ६५,५३६ हा आकडा एका सेशनमधल्या सगळ्या प्रोग्रामना मिळून आहे. आपण सगळं ओढलं, तर शेजारचा हिशोबाचा प्रोग्राम टेलच्या शेतकऱ्यासारखा कोरडा राहील.

*एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं?*

लक्षात ठेवायला लागू नये अशीच सवय लावायची. कोड लिहिताना 'न्यू' च्या पुढे सिस्टीमची वस्तू आली, की हात थांबवा आणि दोन प्रश्न विचारा. याचा मालक कोण? आणि हा परत कधी जाणार? उत्तर त्याच क्षणी कोडमध्ये उतरवा : ट्रायच्या कंसात, डिस्पोझ लिसनरमध्ये, नाहीतर सगळ्यांच्या एका साठ्यात. "नंतर लिहू" म्हटलेलं डिस्पोझ सहसा लिहिलं जात नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण थ्रेडचा विषय घेऊ : लांबलेलं काम चालू असताना विंडो गोठू नये म्हणून स्विंगवर्कर कसा वापरायचा, आणि ते काम अर्ध्यातच रद्द करायचं झालं तर काय करायचं. तोपर्यंत आपापल्या एखाद्या जुन्या प्रोग्रामवर पन्नास वेळांची ती चाचणी करून बघा आणि आकडे वहीत लिहून आणा.